मिस्सा म्हणजे कार्यक्रम नव्हे

वसई धर्मप्रांताचे बिशप महोदय यांस,


‘हे तक्रारपत्र नाही’ अशी सुरुवात करून पुढे चार पाने तक्रार करायची, ही आपल्याकडची जुनी रीत. मी ती पाळत नाही. हे तक्रारपत्रच आहे. मात्र ते कुणा एका फादरांविरुद्ध नाही आणि कुणा एका धर्मग्रामाविरुद्धही नाही. बंद पाकिटातून बिशप हाऊसला पाठवण्याऐवजी ते उघड लिहिते आहे, कारण ज्या गोष्टींबद्दल लिहायचे आहे त्यांत आम्हा प्रापंचिकांचा वाटा धर्मगुरूंपेक्षा कमी नाही. आपण उत्तर दिलेत, तर ते आम्हा सगळ्यांनाच ऐकावे लागेल.

तक्रार थोडक्यात अशी: आपल्या देवळांतली गर्दी टिकून आहे, पण रविवारची मिस्सा हळूहळू एक कार्यक्रम होत चालली आहे. आणि कार्यक्रमाला माणूस प्रेक्षक म्हणून येतो.

एखाद्या रविवारी बिशपांचा पोशाख उतरवून, साधा शर्ट घालून, ओळख न देता कुठल्याही मोठ्या देवळात शेवटच्या बाकावर येऊन बसा. मिस्सेला दहा मिनिटे आहेत. गायकवृंद माइक तपासतो आहे, की-बोर्डवर एकच सूर चार वेळा वाजतो आहे. वाचक मंडळी ‘दुसरे वाचन कोण करणार’ हे वेदीच्या पायरीवर उभी राहून ठरवताहेत. बाकांवर भाजीच्या भावापासून विरार लोकलच्या गर्दीपर्यंत सगळे विषय चालू आहेत. कुणीतरी गुडघ्यावर प्रार्थना करायचा प्रयत्न करते आहे, तेही शेवटी उठून बसते. मिस्सा सुरू होते. प्रवचन सुरू झाले की काही पुरुषमंडळी बाहेर पडतात आणि श्रद्धेचा अंगीकार ऐकू आला की परत येतात. मधला वेळ दुचाकीला टेकून जातो. कम्युनियननंतर, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेतल्यावर, निम्मे लोक बसतात, काही थेट पार्किंगकडे वळतात. मग सूचना. मग सूचनांवरच्या सूचना. मग वाढदिवस असलेल्यांना उभे करून इंग्रजी गाणे, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असलेल्या जोडप्याला शाल-श्रीफळ, देणगीदारांची नावे, प्रत्येक नावाला टाळ्या. आशीर्वाद शेवटी येतो आणि तो ऐकायला उभे राहायचे असते, हे काहींच्या लक्षातच राहत नाही.

यातली एकही गोष्ट पाप नाही. वाढदिवस साजरा करावा, देणगीदारांचे आभार मानावेत, सूचना द्याव्यातच. पण या सगळ्या गोष्टी एकामागोमाग एक त्या तासाभरात घुसल्या आणि ज्यासाठी तो तास होता, तेच अंग चोरून बसले.

हे पत्र कॅथलिक नसलेले मराठी वाचकही वाचतील, म्हणून ते ‘ज्यासाठी’ काय, हे सांगायला हवे. आपली श्रद्धा अशी की मिस्सेत भाकर आणि द्राक्षारस हे ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होतात. हे प्रतीक आहे असे आपण म्हणत नाही. तो स्वतः तिथे असतो असे म्हणतो. ती भाकर ठेवलेल्या, वेदीजवळच्या पवित्र पेटीपुढे अखंड दिवा जळतो तो त्यामुळेच. हे मानणारा माणूस त्या जागी कसा उभा राहील, कसा बोलेल, कसा चालेल, याचे उत्तर नियमांच्या पुस्तकात शोधावे लागू नये. आणि आपल्याकडे येणारा एखादा हिंदू किंवा मुस्लिम मित्र आपले वागणे पाहून आपण काय मानतो हे ओळखू शकत नसेल, तर त्याला माहितीपत्रक देऊन उपयोग नाही.

आता एक गैरसमज आधीच दूर करते. हे वाचून कुणी म्हणेल, बाईंना जुनी लॅटिन मिस्सा परत हवी आहे. नको आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषेतल्या उपासनेची वाट मोकळी झाली, म्हणून आज माझ्यासारखी बाई वेदीजवळ उभी राहून यशयाचे वाचन मराठीत करू शकते. त्याआधी धर्मगुरू आमच्याकडे पाठ करून लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणत आणि बाकांवरच्या आज्या आपापली जपमाळ ओढत. त्या काळात सगळे भक्तीत बुडालेले असत असे मानणे भोळेपणाचे आहे. न समजणाऱ्या भाषेतही माणसे डुलक्या काढतच असणार. लॅटिन मिस्सेला २००७ मध्ये बेनेडिक्ट सोळाव्यांनी मोकळीक दिली आणि २०२१ मध्ये फ्रान्सिस यांनी तिच्यावर पुन्हा मर्यादा घातल्या. त्यावरून युरोप-अमेरिकेत मोठे वाद झाले. तो वाद वसईत आणण्याचे कारण नाही.

पण परिषदेने काय मागितले होते, ते पुन्हा वाचायला हवे. लोकांचा पूर्ण, जाणता आणि सक्रिय सहभाग तिने मागितला. सहभागाचे प्रकार सांगताना उत्तरे, गीते, हालचाली यांच्याबरोबर त्याच परिच्छेदात पवित्र मौनही सांगितले. आपण पहिला भाग उचलला आणि दुसरा सोडला. सक्रिय म्हणजे सतत काहीतरी चालू असणे, असा अर्थ आपल्याकडे रूढ झाला. एक क्षण रिकामा गेला की निवेदक माइककडे धावतो. मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत पश्चात्तापविधीच्या वेळी, ‘आपण प्रार्थना करू या’ म्हटल्यावर, वाचनांनंतर किंवा प्रवचनानंतर आणि कम्युनियननंतर थांबायला सांगितले आहे. मिस्सेच्या आधीही देवळात, वस्त्रागारात आणि आसपास शांतता राखावी असे त्या म्हणतात. ही मौने मी वाचक म्हणून मोजायला गेले, तर बहुतेक रविवारी हाती काही लागत नाही.

या बाबतीत पोपांची साक्ष काढायची झाली तर ती एकमुखी आहे, हे विशेष. बेनेडिक्ट हे परंपरावाद्यांचे आणि फ्रान्सिस हे सुधारणावाद्यांचे, अशी वाटणी लोकांनी करून ठेवली आहे. बेनेडिक्ट यांनी पोप होण्याच्या पाच वर्षे आधी, २००० साली प्रसिद्ध झालेल्या उपासनेवरील पुस्तकात बजावले की माणसाच्या कर्तबगारीसाठी उपासनेत टाळ्या पडू लागल्या की उपासनेचे सत्त्व गेले आणि तिथे करमणूक आली असे समजावे. फ्रान्सिस यांनी ८ नोव्हेंबर २०१७ च्या सार्वजनिक भेटीत मिस्सेत उंचावलेल्या मोबाइलबद्दल खंत व्यक्त केली: धर्मगुरू अंतःकरणे वर करा म्हणतात, मोबाइल वर करा म्हणत नाहीत. फोन उंचावणाऱ्यांत धर्मगुरू आणि बिशपही असतात, हे त्यांनी त्याच दमात सांगून टाकले. १२ जून २०२४ रोजी त्यांनी प्रवचनाला आठ मिनिटांची मर्यादा सुचवली. त्यापुढे लक्ष उडते आणि लोक झोपतात, असे कारणही दिले. दोन वेगळ्या स्वभावांचे, वेगळ्या वळणाचे पोप एकच गोष्ट सांगताहेत, तेव्हा ती जुन्या-नव्याच्या भांडणातली नसणार.

लग्नांबद्दल वेगळे लिहायलाच हवे, कारण तिथे आपण सगळ्यांत लांब गेलो आहोत. विवाह हा संस्कार. वधूवर एकमेकांना वचन देतात आणि ते दोघेच त्या संस्काराचे विधिकर्ते असतात. धर्मगुरू चर्चच्या वतीने साक्षी राहून आशीर्वाद देतात. प्रत्यक्षात वचनाच्या क्षणी वधूवरांच्या आणि लोकांच्या मध्ये तीन छायाचित्रकारांच्या पाठी असतात. एक जण वेदीच्या मागे जाऊन कोन शोधतो. अंगठी नीट दिसली नाही म्हणून ती पुन्हा घालायला सांगितलेली मी पाहिली आहे. वेदीसेवकांनी जिथे वाकून नमस्कार करायचा, तिथे केबल पसरलेली असते. पैसे आईबापांचे, हौस मुलांची, मागणी नातेवाइकांची. पण देऊळ आपले आहे आणि त्याच्या पायरीवरचा शब्द आपला चालतो. लग्नाआधीच्या शिबिरात जोडप्यांना संसाराबद्दल खूप सांगितले जाते. त्यात अर्धा तास त्या दिवशी देवळात काय घडणार आहे यासाठी द्या, आणि छायाचित्रकारालाही त्या अर्ध्या तासाला बोलवा.

इथपर्यंत वाचून काहींना बरे वाटले असेल. ‘हो, लोकांना शिस्तच राहिली नाही’ असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या हाती हे पत्र काठी म्हणून जाऊ नये, म्हणून श्रद्धाभाव म्हणजे काय नाही, हेही लिहिते.

रडणारे तान्हे मूल म्हणजे अनादर नाही. मिस्सेच्या मध्ये जांभई देणारा, रात्रपाळी करून सरळ नालासोपाऱ्याहून आलेला कामगार म्हणजे अनादर नाही. पाचूबंदरची कोळीण मासळीबाजार उरकून धावत आली, हाताला वास तसाच आहे आणि ती मागच्या भिंतीशी उभी राहिली. तिच्याकडे वळून पाहणाऱ्याचा अनादर मोठा. मुलीच्या बाहीची लांबी मोजणाऱ्या नजरा वेदीकडे नसतात, एवढे तर उघड आहे.

उपासनेतल्या बेअदबीबद्दलची नव्या करारातली सर्वांत कडक कानउघाडणी संत पौलाने करिंथकरांना केली. त्यांचा गुन्हा कोणता होता? गुडघे टेकले नाहीत, हा नव्हे. प्रभूभोजनाला जमल्यावर खातेपिते लोक आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. असे करणारा प्रभूच्या शरीराचा अपराधी ठरतो, असे पौल लिहितो. चौथ्या शतकात संत योहान क्रिझोस्तमने हाच धागा पुढे नेला: वेदीवरच्या ख्रिस्ताला रेशमाने सजवून दारातल्या उघड्या ख्रिस्ताला थंडीत सोडू नका. आपल्या वाड्यांत मजुरीला येणारा वारली माणूस, आपल्या नव्या इमारती बांधणारा झारखंडचा कॅथलिक गवंडी हे मिस्सेला आले तर कुठे उभे राहतात, त्यांना गीताचे पुस्तक कुणी देते का, हा प्रश्न भक्तीचाच आहे. वेदीपुढची अदब आणि माणसापुढची अदब वेगळी काढली की पहिली नुसती पोशाखी होते.

मग भक्ती उरली कुठे आहे? माझे उत्तर आहे: लोकांत, भरपूर. ती मिस्सेच्या बाहेर जाऊन राहिली आहे.

आपल्या आळ्यांतल्या क्रुसांपाशी जाऊन पाहा. तिथे निवेदक नसतो, ध्वनिक्षेपक असला तरी नावापुरता. जपमाळेच्या वेळी म्हाताऱ्या बायका जमिनीवर बसतात, पोरे चपला काढून येतात, एक जण सुरुवात करतो आणि बाकीचे उत्तर देतात. माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना चालते आहे. तिथे येणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेल्यांची संख्या मोठी असते. लोकल बदलून, ऑफिस सुटल्यावर लोक येतात, मेणबत्ती लावतात, हात जोडून उभे राहतात. त्यांना आदर कुणी शिकवला? गुड फ्रायडेला क्रुसाचे चुंबन घ्यायला आपल्याच देवळांत लागणारी रांग आठवा. वाढदिवसाला टाळ्या वाजवणारी हीच माणसे त्या दिवशी तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. म्हणजे माणसे बदललेली नाहीत. गुड फ्रायडेला वेदी उघडी असते, घंटा बंद असतात, सत्कार नसतात. विधी स्वतः गंभीर असला की लोक आपोआप गंभीर होतात.

वसईची श्रद्धा अशीच टिकली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीज गेले. किल्ल्यातली मोठमोठी देवळे ओस पडली, त्यांच्या भिंती आज पर्यटक पाहतात. राज्य गेले, राजाश्रय गेला आणि तरी गावागावांतली श्रद्धा राहिली. जपान्यांनी १५९७ साली नागासाकीला क्रुसावर चढवलेल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांची भक्ती गास गावापासून सगळीकडे राहिली. ती टिकवणाऱ्यांत पदवीधर कमी, लाल लुगड्यातल्या आज्या जास्त. त्यांना उपासनाशास्त्र येत नव्हते. देवापुढे कसे बसावे हे येत होते.

‘कसे बसावे’ या मुद्द्यावर जरा थांबते, कारण इथे आपल्याकडे एक न वापरलेली ठेव आहे. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतातल्या उपासनेसाठी बारा बदलांना परवानगी दिली. जमिनीवर बसणे, पादत्राणे काढणे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल वाकणे, पश्चात्तापविधीत पंचांग प्रणाम, वस्तूचे चुंबन घेण्याऐवजी तिला हात लावून तो डोळ्यांना किंवा कपाळाला लावणे, शांतीच्या खुणेसाठी नमस्कार, मेणबत्तीच्या जागी तेलाचा दिवा, फुले-धूप-दीप यांची आरती. त्या वेळी काहींनी याला हिंदूकरण म्हटले आणि आजही म्हणतात. मला तो आक्षेप पटत नाही. इंग्लंडमधून आलेल्या जेझुइट फादर स्टीफन्सनी चारशे वर्षांपूर्वी, १६१६ मध्ये, ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत ‘पुराण’ म्हणून छापली. नव्या ख्रिस्ती लोकांना आपल्या कानांना ओळखीचे काही हवे होते आणि त्यांनी ते दिले. कानांचे जे, तेच गुडघ्यांचे आणि हातांचे.

तरी माझा आग्रह पंचांग प्रणामाचा नाही, गुडघे टेकण्याचाही नाही. दोन्ही परंपरा आपल्या आहेत. माझी तक्रार अर्धवटपणाशी आहे. पवित्र पेटीपुढून जाताना आपण आता गुडघा टेकतही नाही आणि हात जोडून वाकतही नाही; चालता चालता पाय किंचित मुडपतो आणि पुढे जातो. क्रुसाची खूण छातीवर एखादी माशी हाकलावी तशी होते. मुले हे पाहतात आणि तेच शिकतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांना संस्कारांची नावे पाठ असतात, पण क्रुसाची खूण सावकाश, कपाळापासून छातीपर्यंत आणि एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत कशी करावी, हे त्यांच्याकडून कुणी करून घेत नाही. पहिल्या कम्युनियनच्या तयारीत पोशाखाचे माप घ्यायला वेळ मिळतो, याला मिळत नाही.

उपवासाचेही असेच झाले. पूर्वी कम्युनियन घ्यायचे तर आदल्या मध्यरात्रीपासून काही खायचे नाही, असा नियम होता. पायस बाराव्यांनी १९५७ मध्ये तो तीन तासांवर आणला आणि पॉल सहाव्यांनी २१ नोव्हेंबर १९६४ रोजी एका तासावर. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत तेच पोप आंतरराष्ट्रीय ख्रिस्तप्रसाद परिषदेसाठी मुंबईत उतरले. भारतात आलेले ते पहिले पोप. वसई तेव्हा मुंबई महाधर्मप्रांतातच होती. नियम सोपा झाला तो लोकांना कम्युनियन अधिक वेळा घेता यावे म्हणून. पाणी आणि औषध आजही चालते, आजारी आणि वृद्धांना सूट आहे. आता तो एक तासही कितीजणांच्या ध्यानात असतो? मिस्सेला येता येता वडापाव संपवणाऱ्याला दोष देण्याआधी विचारायला हवे की गेल्या काही वर्षांत वेदीवरून हा नियम कुणी सांगितला होता का. एका तासाच्या भुकेने कुणी पवित्र होत नाही. पण कुठे निघालो आहोत, याची आठवण पोटाला तरी राहते.

आणि कम्युनियन घेऊन थेट बाहेर पडणाऱ्यांविषयी. आपल्या गावांत पंगतीतून कुणी एकटा मध्येच उठत नाही. शेवटच्या माणसाचे होईपर्यंत हात वाळले तरी बसून राहतो. प्रभूच्या पंगतीला मात्र हा शिष्टाचार लागू नाही. सोळाव्या शतकात रोममध्ये संत फिलिप नेरी यांच्या देवळातून असाच एक माणूस कम्युनियन घेताच निघाला, तेव्हा त्यांनी दोन वेदीसेवकांना पेटत्या मेणबत्त्या घेऊन त्याच्या दोन्ही बाजूंनी रस्त्यावर चालायला पाठवले, अशी कथा सांगतात. तो वैतागून परतला. नेरी म्हणाले, तुझ्यात आता प्रभू आहे, त्याला आम्ही मान देतो आहोत. तू देत नाहीस म्हणून. मला या कथेतला राग आवडत नाही, विनोद आवडतो. आपल्या पार्किंगमध्ये असे करायचे ठरवले तर मेणबत्त्या पुरणार नाहीत.

कोविडने यात भर घातली, हे मान्य. मार्च २०२० मध्ये देवळे बंद झाली. महाराष्ट्रात ती त्या वर्षी १६ नोव्हेंबरला उघडली, पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. त्या काळात धर्मगुरूंनी रिकाम्या देवळांतून मिस्सा घराघरांत पोहोचवली, याबद्दल आम्ही कायमचे ऋणी आहोत. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ती सोय आजही हवी. पण पडद्यावरच्या मिस्सेने धडधाकट माणसांनाही एक सवय लावली: चहाचा कप हातात, मध्येच दार उघडणे, प्रवचन लांबले तर पुढे सरकवणे. ती सवय घेऊनच आम्ही देवळात परतलो. देऊळ उघडले, तसे पुन्हा कसे यायचे हेही सांगायला हवे होते. ते कुणी सांगितले नाही.

आता मुख्य आक्षेप. धर्मगुरू खासगीत म्हणतात: लोकांना धरून ठेवायचे तर हे करावे लागते, मौन ठेवले, सत्कार बंद केले, तर तरुण येणार नाहीत, ते आधीच इतर प्रार्थनागटांकडे जाताहेत. त्यांची काळजी खरी आहे. उत्तर चुकीचे आहे. करमणुकीत आपण कुणाशी स्पर्धा करणार? त्या मुलाच्या खिशातल्या फोनशी? तिथे आपण हरलेलोच आहोत. फ्रान्समधल्या तेझे या खेड्यात ब्रदर रोजर यांनी १९४० मध्ये सुरू केलेल्या प्रार्थनास्थळी दरवर्षी हजारो तरुण जातात. तिथे छोटी गीते असतात, पुन्हा पुन्हा म्हटली जातात आणि मध्ये लांबलचक मौन असते. प्रवचन जवळजवळ नसतेच. जगाच्या गोंगाटात जे कुठेच मिळत नाही ते तिथे मिळते, म्हणून मुले जातात. आपल्या धर्मप्रांतातही पवित्र गुरुवारच्या रात्री आराधनेला तरुण येतात आणि शांत बसतात. मुलांना कंटाळा मौनाचा येत नाही, लांबलेल्या सूचनांचा येतो.

बिशप महोदय, आपल्या धर्मप्रांताची स्थापना १९९८ मध्ये झाली, म्हणजे तो अजून तरुण आहे. त्याच्या पहिल्या बिशपांनी, थॉमस डाबरे यांनी, तुकारामांच्या ईश्वरानुभवावर संशोधन केले. आपल्याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठी घरांत नेले आणि ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. देवाचा शब्द मराठीत नीट ऐकू यावा यासाठी एवढे कष्ट या धर्मप्रांताने घेतले. तो शब्द ज्या तासाला वाचला जातो, त्या तासाला ऐकू येईल एवढी शांतता ठेवणे हे त्यापुढचे, खूप सोपे काम आहे.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आणि बिनखर्चाच्या आहेत. सत्कार, वाढदिवस आणि आभार अंतिम आशीर्वादानंतर, देवळाच्या सभागृहात किंवा अंगणात व्हावेत. तिथे टाळ्या वाजवायला आम्ही पुढे असू. सूचना छापून किंवा मोबाइलवर द्याव्यात आणि तोंडी फक्त तातडीच्या सांगाव्यात. लग्नातल्या छायाचित्रणासाठी सगळ्या धर्मग्रामांना एकच नियम असावा, म्हणजे एका देवळात नकार मिळालेले दुसऱ्या देवळात जाणार नाहीत. वाचकांना आणि गायकवृंदाला वर्षातून एकदा प्रशिक्षण मिळावे. वाचनाचा सराव शनिवारी, माइकची तपासणी पहिली व्यक्ती बाकावर येण्याआधी. प्रवचनाबद्दल पोप फ्रान्सिस यांनी सुचवलेली आठ मिनिटे मी पुन्हा सांगत नाही, धर्मगुरूंना ती पाठ असतील. त्यांना एकच विनंती: वेदीवर घाई करू नका. आपण जसे हात वर कराल, जसे थांबाल, जसे गुडघे टेकाल, तसे आम्ही करू.

आणि आम्हा प्रापंचिकांसाठीही काम आहे. वेळेच्या आधी येणे, फोन बंद करणे, मागच्या बाकांवरच्या अनोळखी माणसाला जागा करून देणे आणि शेवटचे गीत संपेपर्यंत उभे राहणे, यासाठी परिपत्रकाची वाट पाहायची गरज नाही.

हे सगळे एकदम होणार नाही, हे मलाही कळते. म्हणून आपल्याकडे मागणे एकच मागते. येत्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून धर्मप्रांतातल्या प्रत्येक देवळात मिस्सेआधीची दहा मिनिटे सर्व माइक बंद राहतील आणि कम्युनियननंतर दोन मिनिटे कुणीही, अगदी गायकवृंदसुद्धा, काही म्हणणार नाही, एवढे एक परिपत्रक आपल्या सहीने काढा. पुढच्या नाताळापर्यंत ते चालवून पाहा. लोक कमी झाले तर हे पत्र चुकीचे होते असे जाहीर करा. तसे होणार नाही, असा माझा विश्वास आहे.

आपली नम्र,
वसईतील एक वाचक आणि श्रद्धावंत